समुद्राकडे बघून वाऱ्याचा जोर कसा ओळखायचा

कॅडेट म्हणून पहिल्याच जहाजावरची गोष्ट. हवामानाची नोंद करायची वेळ झाली होती. ब्रिजवरच्या (जिथून जहाज चालवतात त्या खोलीतल्या) ॲनिमोमीटरवर, म्हणजे वारा मोजायच्या यंत्रावर, 26 नॉट (जहाजी वेगाचं एकक) दिसत होते. मी तक्ता काढला, 22 ते 27 नॉट म्हणजे बोफर्ट 6 (वाऱ्याच्या जोराच्या 0 ते 12 या श्रेणीतला अंक), आणि लॉगबुकात 6 लिहून मोकळा झालो. सेकंड मेटनी, म्हणजे माझ्या वरच्या अधिकाऱ्यांनी, नोंद वाचली आणि काही न बोलता मला बाहेर विंगवर, म्हणजे ब्रिजच्या बाजूच्या उघड्या सज्जावर, नेलं. "सहाचा वारा आहे ना? मग तुषार कुठे उडतायत ते दाखव." तुषार नव्हते. छोट्या लाटा होत्या, त्यांच्यावर बऱ्यापैकी फेसाचे तुरे होते, एवढंच. "आपण किती वेगाने चाललोय?" "14 नॉट, सर." "आणि वारा कुठून?" "समोरून." 26 मधून 14 गेले, उरले 12. बारा नॉट म्हणजे 4 चा वारा. समुद्र मघापासून तेच सांगत होता आणि मी आकड्याकडे बघत बसलो होतो.

याच्या उलटही होतं. वारा बरोबर मागून आणि जहाजाइतक्याच वेगाने येत असेल, तर डेकवर झुळूकही लागत नाही, धुराड्याचा धूर सरळ वर चढतो, माणसं म्हणतात वारा पडला. पाण्यावर मात्र तुरे दिसत असतात. त्याच वाऱ्यात जहाज वळवून तोंड त्याच्याकडे केलं की दुप्पट वारा अंगावर येतो.

म्हणून ही विद्या शिकायची. व्यापारी जहाजावर असा, शिडाच्या बोटीवर असा किंवा मासेमारीच्या, बघायचं पाणी एकच असतं. आणि सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की धरा: लाटेच्या उंचीवरून वारा ओळखायला जाऊ नका, पाण्याच्या पृष्ठभागावरून ओळखा. लाट चढायला तास लागतात, उतरायलाही लागतात. फेस, तुषार आणि रेघा मात्र आत्ता वाहणाऱ्या वाऱ्याला लगेच जाब देतात. पुढे जे सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

अंक आले कुठून

0 ते 12 हे अंक फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याच्या नावाने ओळखले जातात. 'वुलिच' या जहाजावर असताना 1805-06 च्या सुमारास त्यांनी आपल्या डायरीत ही श्रेणी मांडली. वाऱ्याचे अंक लावणारे ते पहिले नव्हते. पवनचक्क्यांचा अभ्यास करणारे जॉन स्मीटन आणि नकाशे करणारे अलेक्झांडर डॅलरिंपल यांनी तसे प्रयत्न आधी केले होते. बोफर्ट यांची भर अशी की त्यांनी अंक जहाजाच्या शिडांशी जोडले: अमुक वाऱ्यात युद्धनौका कुठली शिडं उभी ठेवू शकते, कुठली उतरवते. त्यामुळे दोन वेगवेगळे कप्तान एकाच वाऱ्याला एकच अंक देऊ लागले. 1831 साली निघालेल्या 'बीगल' या जहाजाच्या सफरीत ही श्रेणी वापरली गेली आणि 1838 पासून ब्रिटिश नौदलात ती सक्तीची झाली.

पुढे वाफेची जहाजं आली, शिडं गेली, आणि मोजपट्टीच हातातून गेली. मग जर्मन कप्तान पेटर पेटरसन यांनी 1927 मध्ये प्रत्येक अंकाला समुद्र कसा दिसतो याचं वर्णन लिहून काढलं. आज जगभरच्या जहाजांवर जे वर्णन वापरतात त्याचा पाया हाच. मला यात विशेष वाटतं ते हे, की हे काम एका कप्तानाने, समुद्रावरच्या माणसाने केलं. पाणी वाचायची नजर अशी तासन् तास बघूनच येते.

अंक आणि वेग यांचं नातं एका साध्या सूत्रात बसतं. अंकाला त्याच्याच वर्गमूळाने गुणायचं आणि आलेल्या संख्येला 0.836 ने. उत्तर मीटर प्रतिसेकंदात मिळतं. नॉट हवे असतील तर 0.836 ऐवजी 1.625 धरा. 4 चं वर्गमूळ 2, चार दुणे आठ, आठ गुणिले 1.625 म्हणजे 13 नॉट. 9 ला 3 ने गुणलं तर 27, आणि त्यावरून सुमारे 44 नॉट. हा त्या-त्या अंकाचा मधला वेग झाला. एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर, तेव्हा 44 नॉट म्हणजे ताशी 81 किलोमीटरच्या पुढेच.

हा वेग पाण्यापासून 10 मीटर उंचीवरचा आणि दहा मिनिटांच्या सरासरीचा धरतात. एखादा झोत कानफटात मारून गेला म्हणून त्याचा अंक लिहायचा नाही.

पायरी पहिली: उभं कुठे राहायचं

जहाजाचा स्वतःचा पसारा पाणी बिघडवतो. नाळेने (जहाजाच्या पुढच्या टोकाने) फोडलेली लाट, बाजूने सरकणारा फेस, मागचा पांढरा पट्टा, यातलं काहीच वाऱ्याचं नसतं. वाऱ्याआडच्या बाजूला तर पाणी जहाजाच्याच आडोशाने शांत झालेलं असतं. म्हणून वाऱ्याकडच्या विंगवर जा आणि जहाजापासून निदान दोन-तीनशे मीटर दूरचं पाणी निवडा. वारा जिकडून येतोय तिकडे बघा, मग आडवं बघा, शेवटी वारा जातोय तिकडे. तिन्हीकडे समुद्र वेगळा दिसतो. वारा जातोय तिकडे बघताना लाटांची पाठ दिसते आणि फेस कमी वाटतो. वाऱ्याकडे तोंड केलं की फुटणारे माथे आपल्याकडे येतात आणि फेस जास्त भासतो. एकच दिशा बघून अंक ठरवला की चूक ठरलेली.

सूर्य समोर खाली असेल तर चकाकणारं पाणी फेसासारखं दिसतं. त्या पट्ट्यावरून अंदाज करू नका.

तुम्ही किती उंचीवर उभे आहात याचाही परिणाम होतो. मोठ्या जहाजाच्या ब्रिजवरून, पाण्यापासून तीस मीटर वरून, दोन मीटरची लाट सुरकुतीसारखी दिसते. तीच लाट छोट्या बोटीतून डोंगर वाटते. उंचीवर भरवसा न ठेवण्याचं हे आणखी एक कारण. फेस आहे की नाही, त्याची रेघ होते की नाही, हे मात्र दोन्हीकडून सारखंच कळतं.

घाई करू नका. पाच मिनिटं तरी बघा. वारा कधीच एकसारखा वाहत नाही, आणि पहिल्या नजरेत सगळ्यात मोठी लाटच डोळ्यात भरते.

पायरी दुसरी: दिशा

दिशा म्हणजे वारा जिकडून येतो ती. वाऱ्याने उठवलेल्या लाटांचे माथे वाऱ्याला आडवे असतात, म्हणून माथ्यांच्या ओळीला काटकोनात बघा. फेसाच्या रेघा दिसत असतील तर काम आणखी सोपं, त्या वाऱ्याच्या दिशेतच ओढलेल्या असतात. विंगवरच्या कंपासच्या तबकडीवरून (रिपीटरवरून) त्या रेघेची बेअरिंग, म्हणजे उत्तरेपासून अंशांत दिशा, घ्या आणि जवळच्या दहा अंशांच्या आकड्यात लिहा.

वारा नुकताच वळला असेल तर मोठ्या लाटा जुन्या दिशेने येत राहतात. तेव्हा त्यांच्या अंगावरच्या बारीक सुरकुत्या बघायच्या. नव्या वाऱ्याने त्या लगेच वळतात.

पायरी तिसरी: दूरच्या लाटा बाजूला काढणं

पाण्यावर एकाच वेळी दोन-तीन समुद्र असतात. एक इथल्या, आत्ताच्या वाऱ्याने उठवलेला. दुसरा शेकडो मैलांवरच्या वादळातून चालत आलेला, ज्याला जहाजावर सगळे स्वेल म्हणतात. स्वेल गोलाकार, गुळगुळीत, लांब असतो. दोन माथ्यांमधला वेळ मोजलात तर तो सहज दहा-बारा सेकंद किंवा जास्त भरतो, आणि चालही संथ, एका लयीची. वाऱ्याच्या लाटा आखूड, टोकदार, वेड्यावाकड्या.

चार मीटरचा स्वेल आणि वर काचेसारखं पाणी, असं दृश्य दिसलं तर वारा शून्य आहे. जहाज पोटात ढवळेपर्यंत हलत असेल, तरीही शून्य. पुष्कळ जण इथेच फसतात, कारण शरीर सांगतं की वादळ आहे. स्वेलची नोंद वेगळ्या रकान्यात जाते, त्याला वाऱ्याच्या अंकात येऊ देऊ नका.

पायरी चौथी: फेस वाचणं

शून्याला समुद्र आरसा असतो. 1 ला, म्हणजे 1 ते 3 नॉटला, माशाच्या खवल्यांसारख्या बारीक सुरकुत्या उठतात. 2 ला, 4 ते 6 नॉटला, छोट्या लाटा स्पष्ट दिसतात, पण त्यांचे माथे काचेसारखे तुकतुकीत राहतात आणि फुटत नाहीत. इथवर कुणी सहसा चुकत नाही, चुकलं तरी फारसं बिघडत नाही.

पहिला खरा प्रश्न: फेस दिसतो का? 3 च्या वाऱ्यात, 7 ते 10 नॉटला, माथे फुटायला लागतात. जवळून बघा. लाट पुढे सरकताना माथा जरासा पातळ होतो, उन्हात हिरवट झळकतो, मग त्याची कड सुटते आणि तळहाताएवढा पारदर्शक फेस मागे राहतो. तो दुधासारखा पांढरा नसतो, साबणाच्या पाण्यासारखा काचेरी असतो आणि दोन-तीन सेकंदांत विरतो. लांबवर एखाद-दुसरा पांढरा तुरा दिसला तर दिसला.

दुसरा प्रश्न: तुरे मोजता येतात का? 4 ला, 11 ते 16 नॉटला, लाटा लांबायला लागतात आणि पांढरे तुरे बऱ्यापैकी नेमाने दिसतात. तरीही नजर टाकून एखाद्या पट्ट्यातले तुरे मोजता येतील इतकेच. 5 ला, 17 ते 21 नॉटला, मोजायचा नाद सोडावा लागतो, इतके ते सगळीकडे असतात. लाटा मध्यम, चांगल्या लांब, आणि क्वचित कुठे तुषार उडतो. 4 आणि 5 यांतला फरक मी असा करतो: नजर एका जागी रोखून दहा सेकंद थांबायचं. त्या जागी तुरा यायची वाट बघावी लागली तर 4. वाट न बघता तुरे दिसत राहिले तर 5.

6 ला, 22 ते 27 नॉटला, मोठ्या लाटा तयार होऊ लागतात आणि तुरे रुंद होतात. 5 पर्यंत तुरा माथ्याच्या टोकापुरता असतो. 6 ला तो माथ्याच्या लांबीभर पसरतो, फुटण्याचा आवाज विंगवर ऐकू येऊ लागतो आणि तुषार जाणवतात.

आता सगळ्यात महत्त्वाची सीमारेषा. तिसरा प्रश्न: फेसाच्या रेघा ओढल्या जातायत का? 7 ला, 28 ते 33 नॉटला, समुद्र ढिगासारखा रचला जातो आणि फुटलेल्या लाटेचा फेस जागेवर विरण्याऐवजी वाऱ्याच्या दिशेने रेघांमध्ये वाहून जाऊ लागतो. एकाच फुटलेल्या माथ्याकडे बघत राहा. 6 ला तो फेसाचा गोळा तिथल्या तिथे पसरून पुसला जातो. 7 ला त्याची शेपटी निघते, कापसाच्या पेळूतून धागा ओढावा तशी. ती शेपटी दिसली की वारा 28 नॉटच्या वर आहे, मग लाटा कितीही लहान दिसोत.

इथे एक गल्लत टाळायला हवी. बऱ्याच हलक्या वाऱ्यातही पाण्यावर समांतर पट्टे दिसतात, त्यांत शेवाळ, पानं, जुना फेस गोळा झालेला असतो. आयर्विंग लँगम्युर या शास्त्रज्ञाने 1927 मध्ये अटलांटिक ओलांडताना तरंगत्या शेवाळाचे असे पट्टे पाहिले आणि 1938 मध्ये त्यांचं कारण मांडलं. पृष्ठभागाखाली पाणी मळसूत्रासारखं फिरतं आणि जिथे दोन प्रवाह भेटून खाली जातात तिथे तरंगणाऱ्या वस्तू रांगेत जमतात. हे पट्टे ठरावीक अंतरावर असतात आणि बराच वेळ टिकतात. 7 च्या रेघा ताज्या फुटलेल्या माथ्यापासून सुरू होतात, तुटक असतात आणि वाऱ्याबरोबर पळतात. रेघेचं मूळ शोधा, म्हणजे गोंधळ होणार नाही.

चौथा प्रश्न: माथ्याची कड हवेत फाटते का? 8 ला, 34 ते 40 नॉटला, लाटा उंच आणि लांब होतात आणि माथ्याच्या कडा फाटून धुरासारख्या वाऱ्यावर उडतात. रेघा आता ठळक आणि सलग. वादळी वाऱ्याचा इशारा सामान्यतः याच 34 नॉटला दिला जातो, म्हणून 7 आणि 8 यांत फरक करता येणं ही नुसती हौस नाही.

9 ला, 41 ते 47 नॉटला, माथे कोलमडतात, गडगडत खाली येतात. रेघा दाट होतात आणि तुषारांमुळे दूरचं दिसणं कमी होऊ लागतं. 10 ला, 48 ते 55 नॉटला, माथे पुढे झुकून लोंबतात, फेस मोठाल्या तुकड्यांनी वाहतो आणि समुद्राचा एकूण रंगच पांढरा वाटतो. लाट आपटल्याचा धक्का जहाजाच्या अंगातून पायांपर्यंत येतो. 11 ला, 56 ते 63 नॉटला, लहान-मध्यम जहाजं लाटांआड दिसेनाशी होतात आणि सगळं पाणी फेसाच्या लांब पांढऱ्या पट्ट्यांनी झाकलं जातं. 64 नॉटच्या पुढे 12. हवेत फेस आणि तुषार भरलेले, पाणी कुठे संपतं आणि हवा कुठे सुरू होते ते कळत नाही. या वरच्या टोकाला एका अंकाचा फरक पकडणं अनुभवी माणसालाही कठीण जातं. जहाज सांभाळून जेवढी खरी नोंद होईल तेवढी करावी.

खुल्या समुद्रात, वारा पुरेसा वेळ वाहिलेला असेल, तर लाटेची साधारण उंची पडताळ्यापुरती लक्षात ठेवा: 4 ला एक मीटर, 5 ला दोन, 6 ला तीन, 7 ला चार, 8 ला साडेपाच, 9 ला सात, 10 ला नऊ. फेस आणि उंची जुळत नसतील तर फेसाचं ऐका आणि उंची का जुळत नाही ते शोधा. ती कारणं आता बघू.

पायरी पाचवी: समुद्र कधी फसवतो

वेळेचा फरक सगळ्यात मोठा. 20 नॉटच्या वाऱ्याला त्याच्या पुऱ्या ताकदीचा समुद्र उठवायला सुमारे 10 तास आणि 75 सागरी मैलांचं मोकळं पाणी लागतं. 30 नॉटला सुमारे 23 तास आणि 280 मैल. म्हणजे वारा वाढल्यावर पहिले काही तास लाटा मागे पडलेल्या असतात. वारा पडला की उलट होतं. लाटा मोठ्याच राहतात, पण माथे गोल होतात, फुटणं थांबतं, रेघा पुसल्या जातात. मोठी लाट आणि फेस नाही, असं दिसलं तर वारा येऊन गेलेला आहे.

पावसाळी झपाटा येतो तेव्हा हे झपाट्याने घडताना दिसतं. आधी पाण्यावर काळपट डाग धावत येतात, ते बारीक सुरकुत्यांमुळे. मग आखूड लाटांवर एकदम सगळीकडे फेस आणि लगेच रेघा. लाट जेमतेम मीटरभर आणि वारा 30 नॉट. उंचीवरून बघणारा 4 लिहील, रेघा बघणारा 7.

किनाऱ्यावरून समुद्राकडे वाहणारा वारा असाच. मोकळं अंतर कमी म्हणून लाटा वाढतच नाहीत. छोट्या बोटींचा घात इथे होतो: काठावरून पाणी सपाट दिसतं, दोन-तीन मैल बाहेर गेल्यावर तोच वारा लाटा रचायला लागतो आणि परतायचं तर त्याच्याच तोंडावर यावं लागतं.

प्रवाह वाऱ्याच्या उलट वाहत असेल तर लाटा आखडतात, उभ्या होतात, लवकर फुटतात, आणि वारा असतो त्याहून जास्त वाटतो. प्रवाह वाऱ्याबरोबर असेल तर लाटा लांब आणि सौम्य होतात, अंक कमी वाटतो. भरती-ओहोटीच्या पाण्यात दर सहा तासांनी वारा बदलल्यासारखा भासतो, तेव्हा आधी भरतीचा तक्ता बघा. उथळ पाण्यातही लाटा आखूड, उभ्या होऊन आधी फुटतात, तिथेही अंदाज जास्तीचा होतो.

जोराचा पाऊस बारीक लाटा चेपतो आणि फेस कमी करतो. तेलाचा तवंगही तेच करतो. बेंजामिन फ्रँकलिन यांनी तळ्यात थोडं तेल ओतून पाणी शांत होताना पाहिलं आणि 1774 मध्ये ते प्रसिद्ध केलं. अशा पाण्यात वारा दिसतो त्याहून जास्त असतो.

एक बाब पुष्कळ जण विसरतात, ती हवा आणि पाणी यांच्या तापमानातला फरक. गार हवा कोमट पाण्यावर असेल तर हवा खालून तापून ढवळली जाते, वरचा जोरदार वारा झोतांनी खाली उतरतो आणि समुद्र जास्त खवळतो. उबदार हवा गार पाण्यावर असेल तर ती थरासारखी बसून राहते, डोलकाठीच्या टोकाला चांगला वारा आणि खाली पाणी शांत. दोन्ही थर्मामीटर बघायची सवय लावून घ्या.

पायरी सहावी: यंत्राशी पडताळा

आपला अंक आधी लिहायचा, यंत्र नंतर बघायचं. हा क्रम उलटा केला की डोळा शिकतच नाही.

जहाजावरचं यंत्र जाणवणारा वारा दाखवतं, त्यात जहाजाचा वेग मिसळलेला असतो. तो वेगळा कसा करायचा ते एका उदाहरणाने बघू. जहाज उत्तरेकडे 12 नॉटने चाललंय. यंत्र सांगतं, वारा नाळेच्या उजवीकडे 40 अंशांवरून, 20 नॉट. कागदावर एका बिंदूपासून 40 अंशांच्या दिशेला 20 सेंटिमीटरची रेघ काढा. त्याच बिंदूपासून सरळ उत्तरेला 12 सेंटिमीटरची दुसरी काढा. दुसरीच्या टोकापासून पहिलीच्या टोकापर्यंत रेघ जोडा. ती साधारण 13.3 सेंटिमीटर भरते आणि तिची दिशा 75 अंश येते. खरा वारा 75 अंशांवरून, 13 नॉट, म्हणजे 4. यंत्राचा आकडा तसाच घेतला असता तर 5 लिहिला असता आणि दिशाही 35 अंशांनी चुकली असती.

पडताळ्याची खूण: जहाज पुढे चालत असताना खरा वारा नेहमी जाणवणाऱ्या वाऱ्यापेक्षा नाळेपासून जास्त मागच्या बाजूने येतो. गणित उलटं आलं तर रेघ चुकीच्या बाजूला काढलीत.

यंत्र बहुधा उंच डोलकाठीवर असतं. 40 मीटरवरचा वारा 10 मीटरवरच्या वाऱ्यापेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त भरतो. एवढा फरक आला तर तुमची नजर चुकली असं समजू नका.

रात्री

काळोखात ही पद्धत लंगडी पडते. चांदणं असेल तर तुरे दिसतात. नसेल तर जहाजाच्या दिव्यांचा उजेड जिथवर पोचतो तेवढ्याच पाण्यावर भागवावं लागतं, आणि ते पाणी जहाजाने ढवळलेलं असतं. काही पाण्यात सूक्ष्म जीवांमुळे फुटणारे माथे निळसर चमकतात, तिथे मोजणी जमते. रडारवर लाटांवरून परतणाऱ्या ठिपक्यांचा जो पसारा दिसतो तो वाऱ्याकडच्या बाजूला जास्त लांबवर पसरतो, त्यावरून दिशा बरी कळते. गाल ओला करून हळूहळू तोंड फिरवा. दोन्ही कानांत वाऱ्याचा आवाज सारखा आला की वारा नाकासमोर आहे. फक्त हा जाणवणारा वारा आहे हे विसरू नका, वरचा त्रिकोण इथेही काढावा लागतो. शेवटच्या उजेडात काय अंक होता तो पक्का लिहून ठेवला असेल तर रात्रभर त्याच्या तुलनेत बोलता येतं.

अंकावरून प्रत्यक्ष जोर

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. उभ्या सपाट पृष्ठभागावरचा दाब काढायला वेग मीटर प्रतिसेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा आणि 0.6 ने गुणा. उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटर. 4 च्या वाऱ्याला, 6.7 मीटर प्रतिसेकंदाला, हा दाब सुमारे 27 येतो, म्हणजे चौरस मीटरवर पावणेतीन किलोचं वजन. 8 च्या वाऱ्याला, 18.9 मीटर प्रतिसेकंदाला, सुमारे 215, म्हणजे जवळपास 22 किलो. अंक दुप्पट, जोर आठपट. ज्या जहाजाची बाजू 5,000 चौरस मीटर वाऱ्यासमोर उघडी आहे, त्यावर 4 ला ढोबळमानाने 14 टन आणि 8 ला 110 टन रेटा येतो. टग (जहाज ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या बोटी) किती मागवायचे आणि धक्क्याला लागायचं की बाहेर थांबायचं, हे या हिशेबावर ठरतं. तेव्हा 7 आणि 8 यांतल्या एका अंकाला क्षुल्लक समजू नका. तेवढ्यात दाब जवळजवळ दीडपट होतो.

पाण्यावर वारा जो घासत जातो तो रेटा वेगळा आणि आकड्यात खूप लहान. 4 ला तो चौरस मीटरला न्यूटनचा साधारण सोळावा हिस्सा, 8 ला साधारण पाऊण ते एक न्यूटन. वाऱ्याबरोबर पृष्ठभागाचा खडबडीतपणाही वाढतो, म्हणून ही वाढ आठपटीहून जास्त होते. एवढासा रेटा हजारो चौरस किलोमीटरवर तास न् तास पडत राहतो, आणि लाटा उठतात, प्रवाह चालू होतात. सुमारे 33 मीटर प्रतिसेकंदाच्या पुढे, म्हणजे 12 चा अंक सुरू होतो त्याच सुमारास, पाण्याचा खडबडीतपणा वाढायचा थांबतो असं चक्रीवादळांत विमानांतून सोडलेल्या यंत्रांच्या मोजमापांवरून दिसलं आणि ते 2003 मध्ये प्रसिद्ध झालं. फेस आणि तुषारांचा थर पाणी झाकून टाकतो, हे त्याचं एक कारण मानलं जातं.

एक पूर्ण नोंद

पहाटेचा वॉच (पाळी), उजाडलेलं. जहाज 090 अंशांवर, 13 नॉट. उजवीकडच्या विंगवर जातो, वारा तिकडचा. लांब गोल स्वेल दक्षिणेकडून, तीन मीटरचा, 12 सेकंदांचा, तो बाजूला. त्याच्या अंगावर नैर्ऋत्येकडून आखूड लाटा. फेस आहे का? आहे. मोजता येतो का? नाही. तुरे रुंद आहेत, माथाभर पसरतायत, तुषार गालाला लागतायत. रेघा? एका माथ्यावर नजर ठेवतो. फुटला, पसरला, जागेवरच विरला. दुसरा बघतो, तिसरा बघतो. शेपटी नाही. एक झोत येतो तेव्हा क्षणभर धागा निघतो आणि तुटतो. पाऊस नाही. हवा आणि पाणी यांत अर्ध्या अंशाचा फरक. चार्टवर प्रवाह नगण्य, पाणी खोल. माथ्यांना काटकोनात बेअरिंग 240.

लॉगबुकात: वारा 240 अंश, बोफर्ट 6, 24 नॉट, अंदाजाने. शेऱ्यात: झोतांत 7 पर्यंत. मग आत जाऊन यंत्र बघतो, त्रिकोण काढतो. 242 अंश, 25 नॉट.